पुढच्या चाकांतलं शिसं

मल्लू,

सात रस्ता चौकात तुझा फ्लेक्स लागलाय. तुझ्या टायरच्या दुकानाच्या बरोबर समोर, म्हणजे येता-जाता माझी सुटका नाही. फोटोत तुला कोणाचा तरी कोट चढवलाय, केस काळे केलेत आणि खाली लिहिलंय, ‘शांत, संयमी, मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व’. मी स्कूटर बाजूला घेऊन दोनदा वाचलं. तू शांत? चाकांच्या बॅलन्सिंगचं मशीन चालू असलं तरी तुझा आवाज त्याच्या वर असायचा. सिग्नलला उभ्या असलेल्या परक्या माणसाच्या गाडीची काच ठोठावून ‘पुढचं डावं चाक वाजतंय, ऐकू येत न्हाय का?’ असं विचारणारा माणूस संयमी असतो, हे मला आजवर माहीत नव्हतं. आणि मनमिळाऊपणाचं तर बोलूच नये. सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याशी, म्हणजे माझ्याशी, तू सहा वर्षं एकाच मुद्द्यावर भांडलास आणि भांडण मिटायच्या आत निघून गेलास.

फ्लेक्स लावणाऱ्यांना मी जाऊन बोलणार होतो. तुझी अक्का म्हणाली, राहू द्या, चार दिवसांनी उतरेल. मी गप्प बसलो, पण मनातून नाही.

हो, मी चिडलोय. लोक मला दुःखी समजून माझ्याशी हळू आवाजात बोलतात, पाणी आणून देतात. रडून झालं माझं पहिल्या दोन दिवसांत. त्यानंतर जे आलंय ते वेगळंच आहे, आणि ते ज्याच्यावर काढायचं तो वळसंगच्या मातीत जाऊन बसलाय.

तुझ्या मातीला आलेल्या पाहुण्यांपैकी एक जण माझ्या शेजारी उभा राहून म्हणाला, “पन्नाशीचा माणूस, आन् रिमोटच्या गाड्या खेळत उनात हिंडायचा. पोरखेळ की सगळा.” मी त्याला तिथंच झापलं. म्हटलं, ते खेळणं नव्हे. हातभर लांबीची गाडी असते, चार चाकांना ताकद, आणि ती मुंगीच्या चालीनं धोंड्यावर चढवायची असते, हात न लावता. तुम्ही एकदा चढवून दाखवा, मग बोला. चार माणसं वळून बघायला लागली. तुझ्या अक्कानं माझा दंड धरला. मग माझ्या लक्षात आलं की पोरखेळ हा शब्द मीच आणला होता या घरात.

तुला आठवत असेल. मी रिटायर झालो त्याच आठवड्यात तू माझ्यासाठी तसली गाडी घेऊन आलास. पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात तीस-बत्तीस वर्षं मी कालव्यांचे नकाशे काढले, आणि तू माझ्या हातात रिमोट देऊन म्हणालास, “दाजी, हे धरा. उद्या सकाळी खाणीत यायचं.” मी म्हटलं, हा पोरखेळ तुझा तुला लखलाभ. तरी गेलो. अक्कलकोट रोडवरची ती बंद पडलेली दगडाची खाण, काळे कातळ, मध्ये एकच बाभूळ. तू, इलेक्ट्रिकची कामं करणारा इरफान आणि तुमच्या नादाला लागलेले आणखी दोघं-तिघं. पहिल्या दिवशी माझी गाडी अकरा वेळा उलटली. दहाव्या वेळेपर्यंत मला राग आला होता, अकराव्या वेळी गोडी लागली. घरी येऊन मी कडक भाकरी आणि शेंगा चटणी खाताना तुझ्या अक्काला गाडीचं चित्र काढून दाखवलं, पुढून आणि बाजूनं, मापासकट. तिनं नंतर तुला फोन केला असणार. तुम्हा बहीण-भावाचं सगळं कन्नडमध्ये चालतं. मी केम गावचा मराठी माणूस, मला तुमच्या भाषेतले चारच शब्द येतात: बा, होगु, ऊटा, साकु. ये, जा, जेवण, पुरे. या चार शब्दांवर तीस वर्षं संसार झाला. त्याची किंमत मला आता कळतेय, ते पुढं सांगतो.

भांडण सुरू झालं ते दुसऱ्याच महिन्यात. तू मला तुझ्या गाडीचं चाक उघडून दाखवलंस. रिमवरचे बारीक स्क्रू काढले, रबरी टायर सोलल्यासारखा बाजूला केला, आणि आत रिमला गोल चिकटवलेले शिशाचे तुकडे. गिऱ्हाइकांच्या गाड्यांची चाकं बॅलन्स करताना निघणारी जुनी वजनं तू पत्र्याच्या डब्यात साठवत होतास. त्यांच्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बसवायचास, म्हणजे सुटू नयेत, वाजू नयेत. मागच्या चाकांत काही नाही, पुढच्या दोन्हीत मात्र भरगच्च.

“वजन खाली पायजे आन् पुढं पायजे,” तू म्हणालास. “चढ आला की गाडी मागं उलटती, का? पुढचं चाक हलकं पडतं म्हणून. त्यानं धोंडा धरून बसला पायजे.”

मी तुला कागदावर समजावलं. चाकात वजन घातलं की मोटरवर ताण, दात्यांवर ताण, चाक वळवणाऱ्या यंत्रावर ताण. गाडी हलकी कर, टायर मऊ घे, चाल अजून संथ ठेव. मी माझ्या गाडीचं टप काढलं, शिडी काढली, बंपर कापला. बाण काढून, आकडे घालून मी तुला पटवत होतो, आणि तू माझा कागद उलटासुलटा करून बघितलास. “दाजी, तुमचं समदं बरोबर हाय,” तू म्हणालास. “पर धोंड्याला कुटं म्हाईत हाय ते?”

या एका वाक्यानं तू मला सहा वर्षं छळलंस. लग्नात, बारशात, दवाखान्यात माझ्या दातांचं काम चालू असताना. मला तोंड उघडता येत नव्हतं तेव्हा तू वीस मिनिटं पुढच्या चाकांवर बोललास. मीही सोडलं नाही. तू म्हणशील, दाजी हट्टी. बरं, हट्टी. पण माझ्या म्हणण्यात चूक नव्हती. ताण पडतोच. तुझ्या दोन मोटरी जळल्या, हे मी विसरलेलो नाही आणि तुला विसरू देणार नव्हतो.

आता म्हशीचं. खाणीच्या कोपऱ्यातला तो कातळ, बसलेल्या म्हशीसारखा, पुढून गुळगुळीत आणि माथ्याजवळ फुगलेला. आपल्यात तो मानाचा. तुझी गाडी त्यावर चढली, इरफानची चढली, मागाहून आलेल्यांच्याही चढल्या. माझी नाही. दर वेळी त्या फुगवट्यापाशी पुढची चाकं हवेत आणि गाडी पाठीवर. तू कधी हसला नाहीस त्यावर, एवढं कबूल करतो. तू फक्त म्हणायचास, “शिसं घाला की.” मी म्हणायचो, मरेन पण घालणार नाही.

गेल्या वर्षी मी दर रविवारी खाणीत यायचा कंटाळा करायला लागलो. गुडघा दुखतो म्हणायचो. गुडघा दुखत नव्हता. त्या म्हशीसमोर उभं राहून पुन्हा गाडी पालथी झालेली बघायची इच्छा उरली नव्हती. कालव्यांचे नकाशे काढणाऱ्या माणसाला एक कातळ चढता येईना. मी इरफानला म्हटलंसुद्धा, गाडी कोणाला हवी असेल तर देऊन टाक.

मग माझ्या गाडीचा पुढचा आस तुटला. तुटला होता की तू तोडलास, हे आता कोणाला विचारू. तू गाडी दुकानात घेऊन गेलास, चार दिवसांनी परत आणलीस. मी हातात धरली आणि म्हटलं, जड लागतेय. तू माझ्या डोळ्यांत बघून सांगितलंस, “नवी बॅटरी घातलीया दाजी. जुनी फुगली हुती. ही जड हाय जरा.”

खोटारडा. माझ्या डोळ्यांत बघून.

त्या रविवारी माझी गाडी म्हशीवर चढली. फुगवट्यापाशी पुढची चाकं थबकली, धोंड्याला चिकटून राहिली, आणि मग इंच इंच करत सगळी गाडी माथ्यावर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इरफाननं व्हिडिओ काढला. आणि मी काय केलं? मी तुझ्याकडे वळलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, बघितलंस? एक ग्रॅम शिसं नाही. सहा वर्षं चाकांत भंगार कोंबून मिरवलास. पंक्चर काढणाऱ्यानं नकाशे काढणाऱ्याला शिकवू नये.

असं बोललो मी. ते शब्द मला पाठ आहेत.

तू म्हणालास, “व्हय दाजी. तुमचंच खरं.”

तेव्हाच कळायला हवं होतं. सहा वर्षांत एकदाही ‘तुमचंच खरं’ म्हणाला नाहीस, जेवताना मीठ कमी आहे यावरही नाही. पण मला फुरसत कुठं होती. मी व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत होतो, दुसऱ्यांना दाखवत होतो. तू बाभळीखाली जाऊन बसलास, छातीवर हात चोळत. मी दुरून विचारलं, काय रे? “काय न्हाय, पित्त झालंय,” म्हणालास. सोडा मागवलास, प्यालास, आणि निघताना माझीच बॅग उचलून वरपर्यंत नेलीस, कारण माझा गुडघा दुखतो ना. मी तुला नेऊ दिली.

पुढचे तीन आठवडे तू खाणीत आला नाहीस. मी समजलो, हरलाय म्हणून तोंड लपवतोय. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी हलक्या गाडीचे फायदे लिहीत होतो, आकृत्यांसकट. तू प्रत्येकावर अंगठा टाकायचास. मी फोन केला नाही. म्हटलं, आधी त्यानं करावा. मग एका मंगळवारी सकाळी दुकानात चाक उचलताना तू खाली बसलास, आणि फोन आला तो तुझा नव्हता.

पित्त म्हणे. जगाच्या गाड्यांमधला बारीक आवाज तुला शंभर फुटांवरून ऐकू यायचा, आणि स्वतःच्या छातीतला ऐकू आला नाही? की ऐकू आला आणि तू आम्हाला सांगितलं नाहीस? हा प्रश्न मी रोज सकाळी चहाच्या वेळी तुला विचारतो. तुझी अक्का समोर बसलेली असते, ती समजते मी कोणाशी बोलतोय.

आणि आता गेल्या गुरुवारचं. म्हशीवर चढलेली गाडी मी बक्षिसासारखी खिडकीत मांडून ठेवली होती. सोलापूरचं ऊन तुला ठाऊक आहे. दुपारभर ती तिथं तापत होती, रोज. तू गेल्यावर मी तिला हात लावला नव्हता. गुरुवारी धूळ पुसायला उचलली तर पुढच्या डाव्या चाकात खडखड झालं. मी हलवलं. पुन्हा खडखड. तुला वाजणं खपत नसे, ‘वाजलं की चुकलं’ म्हणायचास, म्हणून मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलो. टायर सोलला. आत शिसं. रिमभर गोल, आणि त्यावर सायकलच्या ट्यूबची ताणलेली पट्टी. उन्हानं डिंक सुटला होता आणि एक तुकडा पट्टीखालून निसटून टायरमध्ये फिरत होता. उजवं चाक उघडलं, तिथंही तेच. मागची दोन्ही रिकामी.

दुसऱ्या कोणाचं काम असतं तर मी संशयाला जागा ठेवली असती. पण ती पट्टी.

मी ते चाक तसंच घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि तुझ्या अक्कासमोर ओट्यावर ठेवलं. म्हटलं, बघ तुझ्या भावाचा प्रताप. माझी एकुलती एक चढाई, तीही यानं लबाडीनं घडवली. माझं सगळ्यांत हसं केलं. तिनं चाकाकडं बघितलं, आणि तिला आश्चर्य वाटलं नाही. मला ते दिसलं.

“तुला माहीत होतं?”

“व्हय,” ती म्हणाली. “हितंच ठरलं. तुम्ही बसला होता की समोर, पेपर वाचत.”

माझ्यासमोर. माझ्याच घरात. कन्नडमध्ये. त्यात बा, होगु, ऊटा, साकु यांतला एकही शब्द नसणार, नाहीतर मी कान टवकारले असते.

मी विचारलं, का केलं त्यानं? ती पीठ मळत होती, हात थांबवून म्हणाली, “मीच बोलले त्याला. तुम्ही रविवारी जायाचं बंद केलंत. दिवसभर त्या खिडकीत बसून ऱ्हायचात. मला बघवंना. तो म्हणाला, अक्का, दाजींची गाडी एकदा म्हशीवर चढू दे, मग बघ कसे येत्यात. मी म्हटलं, कळलं तर तुझ्यावर लई भडकतील. तो म्हणाला, भडकू दे की. भडकल्यावर तर बोलतात ते माझ्याशी.”

मल्लू, हे वाक्य ऐकून मी बाहेर जाऊन बसलो.

पण राग गेला नाही, गैरसमज नको. उलट वाढला. मला विचारायचं होतंस. मी नाही म्हटलं असतं, तू पुन्हा विचारायचं होतंस. सहा वर्षं विचारलंसच की, मग सातवं काय जड झालं? मला न विचारता जिंकवलंस, माझ्या तोंडून तुझा अपमान करवून घेतलास, वर ‘तुमचंच खरं’ म्हणालास, आणि मला माफी मागायची संधी न देता निघून गेलास. याला उपकार म्हणतात का? मला तरी ठाऊक नाही काय म्हणतात.

मी मनाशी एक ठरवलं, आणि ते चांगलं नव्हतं, तरी सांगतो. दोन्ही चाकांतलं शिसं काढलं, खिशात घातलं, चाकं बंद केली आणि रविवारी खाणीत गेलो. म्हटलं, रिकाम्या चाकांनी चढली तर कोणाला काही सांगायची गरज नाही. तुझी लबाडी तुझ्यापाशी, माझी चढाई माझ्यापाशी. पहिल्यांदा सोडली. फुगवट्यापाशी चाकं हवेत, गाडी पाठीवर. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मी जरा डावीकडून घेतली. पाठीवर. इरफान आणि बाकीचे बघत होते. चौथ्यांदा गाडी पालथी होऊन चाकं फिरत राहिली तेव्हा मी रिमोट खाली ठेवला आणि खिशातलं शिसं त्या म्हशीवर ओतलं.

मी सगळं सांगितलं. आस, बॅटरी, ट्यूबची पट्टी. म्हटलं, त्या दिवशी चढलो तो मी नव्हतो, मल्लू होता. आणि मी त्याला जे बोललो ते तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. सांगताना माझा आवाज कसा होता ते मी सांगणार नाही. आयुष्यात इतकं अवघड बोललो नव्हतो.

सगळे पायाखालचे दगड बघायला लागले. मग इरफान म्हणाला, “दाजी, हमना मालूम था.”

मी म्हटलं, काय मालूम था?

“मल्लूभाई बोलको रखे थे सबकू. दाजीकी गाडी चढी तो ताली मारना, और हसना नै. हस्या तो मेरेकू दुकानपे आनेकू नक्को बोले.”

सगळ्यांना. त्या दिवशी तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला. मी आकृत्या काढून हलक्या गाडीचे फायदे सांगत होतो तेव्हा प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि तीन आठवडे सगळ्यांनी अंगठे टाकले. मी तुला पंक्चरवाला म्हणालो तेव्हाही एकानं तोंड उघडलं नाही, कारण तू डोळ्यांनी नको म्हणालास. इरफाननं हेही सांगितलं. इतका चिडलो की मला तिथंच खाली बसावं लागलं. बसलो ती जागा बाभळीखालची होती.

थोड्या वेळानं इरफाननं स्क्रू ड्रायव्हर आणून दिला. मी शिसं गोळा केलं, एकेक तुकडा रिमवर बसवला, तुझी ती ट्यूबची पट्टी वर ताणली. उजवं चाक नीट झालं. डाव्याची पट्टी उन्हानं चिरली होती, शेवटचा तुकडा काही तिच्याखाली बसेना. इरफान म्हणाला, टेप है मेरे पास. मी म्हटलं, नको. तो तुकडा तसाच आत टाकला आणि स्क्रू आवळले.

गाडी चढली. फुगवट्यापाशी थबकली, पुढच्या चाकांनी धोंडा धरला आणि वर गेली. या वेळी टाळ्या नाहीत. तुझं खरं होतं, मल्लू. वजन खाली पाहिजे आणि पुढं पाहिजे. हे मी एकदाच लिहितोय, पुन्हा विचारू नकोस.

फक्त डावं चाक खडखडत होतं. खाणीत सकाळी दुसरा आवाज नसतो, त्यामुळे ते फार मोठ्यानं ऐकू येत होतं. इरफान दर रविवारी म्हणणार आहे, दाजी, टेप लगातूं. मी लावू देणार नाही. तो तुकडा मी असाच सुटा ठेवणार आहे. तुला खपत नसेल तर ये आणि तू स्वतः नीट कर.